शिरीषाला जूनपर्यंत हात लावू नका : आमच्या उद्यान समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
वसाहत उद्यान समिती, पुणे

सप्रेम नमस्कार.

बागेच्या सुशोभीकरणाचं परिपत्रक मिळालं. लॉन, पेव्हर ब्लॉक, झाडांवर रोषणाई, साउंड सिस्टीम, सेल्फी पॉइंट आणि 'वाळलेलं व धोकादायक झाड काढणे' ही कामं मार्चअखेर उरकायची आहेत, म्हणजे यंदाचा निधी यंदाच खर्ची पडेल, असंही त्यात सरळ लिहिलंय. आडपडदा नाही हे बरं झालं. याच समितीनं वर्गण्या गोळा करून, मे महिन्यात टँकर मागवून ही बाग जगवली आहे. त्यामुळे हेतूबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. माझं म्हणणं मुहूर्ताबद्दल आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत आपल्या बागेत जेवढी लगबग असते तेवढी वर्षभरात कधी नसते, आणि आपण करवती नि कुदळी नेमक्या तेव्हाच आत पाठवतो आहोत.

आधी शिरीषाबद्दल लिहितो, कारण तो एकदा पाडला की चर्चेला काही उरत नाही.

परिपत्रकातलं 'वाळलेलं' हे वर्णन बहुधा माघात झाडाकडे बघून केलं असावं. शिरीष तेव्हा तसाच दिसतो. पानं सगळी झडलेली आणि फांद्याफांद्यांवर फिकट पिवळ्या, चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. चैत्रात त्याला पालवी फुटते, मागोमाग पावडरीच्या पफासारखी हिरवट-पांढरी फुलं येतात आणि रात्री त्यांचा वास जिन्यापर्यंत पोचतो. तीन नंबरच्या इमारतीतल्या मंडळींना तो वास चांगला ओळखीचा असणार, कशाचा आहे ते कदाचित ठाऊक नसेल. झाडाची एक मोठी फांदी मात्र खरोखरच मेलेली आहे, खोडात वर पोकळी आहे, आणि खाली मुलांची घसरगुंडी आहे. तुमची काळजी अनाठायी नाही.

पण त्या पोकळीत राखी धनेशाची जोडी घरटं करते. धनेशाची रीत जगावेगळी आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग अंडी घालून ती उबवणं, पिल्लं निघणं, ती जरा मोठी होणं, हे सगळं होईपर्यंत उन्हाळ्याचे कित्येक आठवडे ती आत कोंडून घेतलेली असते. नर उंबराची, वडाची, पिंपळाची फळं आणि अधूनमधून एखादा किडा किंवा सरडा आणून त्या फटीतून भरवतो. आत असताना मादीची उडायची पिसं गळून जातात आणि पिल्लं वाढेतो नवी येतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये झाडावर करवत चालली तर तिला उडून जाणंही शक्य नसतं. गेल्या उन्हाळ्यात नराच्या फेऱ्या सकाळभर चालू असायच्या. खाली बाकांवर बसणाऱ्यांना तो घार वाटायचा, एका आजोबांनी तर नातवाला गरुड म्हणून दाखवला. राखी अंग, लांब शेपूट, बाकदार मोठी चोच आणि चार वेळा पंख मारून मग तरंगत जाणं, हे एकदा नीट पाहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही. यंदा ही जोडी फेब्रुवारीपासून ढोलीभोवती घुटमळते आहे.

मेलेल्या फांदीवरही बिऱ्हाडं आहेत. ऐन दुपारी सगळी बाग पेंगत असताना एकसुरी टुक्-टुक्-टुक् असा आवाज तासन्‌तास चालू असतो, तो तांबटाचा. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. घरट्यासाठी त्याला मऊ पडलेली वाळकी फांदी लागते. तिच्या खालच्या अंगाला तो कंपासनं आखल्यागत गोल भोक कोरतो, त्यातच पिल्लं वाढवतो आणि एरवी रात्री झोपायलाही त्यातच जातो. मोठ्या बेचक्यातल्या फटीत पिंगळ्यांची जोडी आहे. दिवेलागणीला त्यांचं जे कर्कश भांडण ऐकू येतं, त्याला काही मंडळी अपशकुनी म्हणतात. बागेतले उंदीर आणि नाकतोडे कोण कमी करतं याचाही मग विचार व्हावा. आपण दरवर्षी वाळकी फांदी सर्वांत आधी तोडतो आणि नंतर पक्ष्यांसाठी लाकडी खोकी विकत आणून टांगतो. मागे टांगलेल्या त्या रंगीत खोक्यांत मुंग्यांखेरीज कुणीही राहायला आलेलं नाही.

तेव्हा विनंती अशी : शिरीषाला जूनअखेरपर्यंत हात लावू नये. घसरगुंडी आजच दुसऱ्या कोपऱ्यात हलवावी, झाडाखाली दोर बांधून पाटी लावावी. वळवाच्या वाऱ्याची भीती वाटत असेल तर जाणकार माणसाकडून ढोलीपासून लांबच्या फांद्यांचा भार थोडा कमी करून घ्यावा. पावसाळ्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवू, आणि तेव्हाही खोड पंधरा-वीस फूट उंच उभं ठेवता येतं का ते आधी पाहू. कायद्याचं बोलायचं तर, शहरात खासगी जागेतलं झाड पाडायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. त्या अर्जात ढोलीचा आणि घरट्याचा उल्लेख जरूर करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं. हे धमकी म्हणून लिहीत नाही. उद्या ठेकेदार 'सांगितलं तसं केलं' म्हणून मोकळा होईल आणि कागदावर सही तुमची असेल, म्हणून लिहितो.

आता पाचोळ्याकडे येतो. यावरून आपल्याकडे दरवर्षी वाद होतात. पिंपळ, कडुनिंब, करंज, तिघंही याच सुमाराला पानं टाकतात. माळीमामा सकाळी झाडून घेतात, दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच पानं. शेवटी ढीग पेटवला जातो आणि धूर वरच्या मजल्यांवर जातो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई केलेली आहे, पण तेही क्षणभर बाजूला ठेवू. लख्ख झाडलेली जमीन पाहून आपल्या डोळ्यांना बरं वाटतं, याशिवाय त्या झाडण्याला कारण काय आहे? वाटांवरची पानं काढा, कुणी घसरून पडू नये. झाडांखालची कशासाठी?

त्या पानांखाली ओल टिकते, गोगलगायी, वाळवी, कोळी, गांडुळं राहतात, आणि त्यांच्यावर सातभाई, साळुंक्या, दयाळ जगतात. सातभाईंची टोळी पानं उलथत चालली की तो कलकलाट हास्यक्लबलाही मागे टाकतो. (हास्यक्लबच्या मंडळींनी राग मानू नये. मीही अधूनमधून येतो.) आणि मेच्या शेवटाला, पाऊस दोन-चार मुक्कामांवर आला की नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत काढून तो पावसाच्या तोंडावर वीण करायला उत्तरेकडे निघतो आणि वाटेत पुण्याच्या बागांमध्ये उतरतो. कधी कधी थकून एखाद्या बाल्कनीतही सापडतो. हिरवी पाठ, पंखावर निळा पट्टा, शेपटीखाली लालभडक, आणि शेपूट इतकी आखूड की विसरल्यासारखी वाटते. एवढे रंग असूनही तो दिसत नाही, कारण सावलीत जमिनीवर चालत तो पानं उलटत असतो. आपल्याकडे तो पंप-खोलीमागच्या आंब्याखाली येतो. तिथेच का? सगळ्या बागेत खराटा न पोचणारी तेवढी एकच जागा उरली आहे. परिपत्रकाच्या नकाशात तिथेच 'लॉन, टप्पा दोन' असं लिहिलंय.

मेक्सिकन लॉन दिसायला छान असतं, पण त्याला रोज पाणी लागतं, ते पाणी मेमध्ये टँकरनं आणावं लागतं, आणि त्यावर बसू नये अशी पाटीही लावावी लागते. खेळायला मोकळी जागा हवी, हे मान्य. मग मधला चौक करा, कडेला झाडांखालची जागा सोडा. पेव्हर ब्लॉकबद्दल एवढंच की ते बुंध्याला भिडवू नका. मुळांना पाणी आणि हवा लागते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, आणि पुण्यातल्या झाडांची मुळं काही वेगळ्या पद्धतीनं श्वास घेत नाहीत.

रोषणाईच्या माळा फाटकाजवळच्या काटेसावरीवर चढवायच्या आहेत, असं समजलं. ठेकेदाराला ती निवडावीशी वाटली हे बरोबरच आहे, सध्या बागेतलं सगळ्यात देखणं झाड तेच आहे. एकही पान नाही आणि वर नुसती लाल फुलं. पण ती फुलं रिकामी कधी असतात ते एकदा पाहा. उजाडल्यापासून बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, कावळे, खारी यांची तिथे दाटी असते. त्यात भोरड्या उतरल्या की मग कुणाचंच काही चालत नाही. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियाकडून येतात, हिवाळाभर आपल्या शेतांवर नि माळांवर थव्यांनी फिरतात आणि परतीच्या आधी सावर, पळस, पांगारा यांच्या फुलांवर तुटून पडतात. एप्रिल संपेतो त्या गेलेल्या असतात. त्यांच्याच आगेमागे थिरथिऱ्याही जातो. कंपाऊंडच्या भिंतीवर बसून सारखी शेपूट थरथरवणारा, तांबूस पोटाचा तो छोटा पक्षी ऑक्टोबरपासून आपल्याकडे मुक्कामाला होता. अंधार पडल्यावर सावरीचा ताबा वटवाघळं घेतात. एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर नेण्याचं काम तीही करतात. ज्या झाडावर रात्रपाळीही चालते, तिथे बारा तास दिवे लावण्यात काय शोभा आहे? खोडात खिळे ठोकले जातील ते वेगळंच. पायवाटेवर खाली तोंड केलेले दिवे लावा, त्याला कोण नाही म्हणेल? साडेदहाला ते बंद करायला वॉचमनला सांगा.

साउंड सिस्टीम सकाळी सहा ते आठ चालणार आहे. मार्चपासून त्याच वेळात दयाळ शेवग्याच्या शेंड्यावर बसून गातो, एप्रिलमध्ये कोकीळ पहाटेच्याही आधी सुरू होतो, मेमध्ये टेकडीच्या बाजूनं पावशाचं 'पेर्ते व्हा' ऐकू येतं. भजनं मलाही आवडतात. ती घरी लावता येतात.

सेल्फी पॉइंटबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो झाडाला टेकवू नका म्हणजे झालं.

फाटकाशी महाराष्ट्राची मानचिन्हं रंगवलेला फलक लावायची कल्पना मात्र मला आवडली. त्यात राज्यपक्षी हरियाल आहे, राज्यपुष्प ताम्हण आहे, २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन आहे. आता गंमत बघा. हरियाल आपल्या उंबरावर येतात, आणि फळं खाली सांडून घाण होते म्हणून उंबर छाटायच्या यादीत आहे. ताम्हणाची जांभळी फुलं उन्हाळ्यात निघतात, आणि त्याच्या फांद्या साइनबोर्ड झाकतात म्हणून एप्रिलमध्ये छाटायच्या आहेत, ऐन कळ्या यायच्या वेळी. ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबू आणि त्याच्या जातीतल्या झाडांची पानं खातात, आणि लिंबावर 'अळी पडली' म्हणून दर पावसाळ्यात फवारणी होते. फलकावर चित्रं काढण्याआधी त्या चित्रांतल्या मंडळींना बागेत राहू दिलं तर रंगाचा खर्चही वाचेल.

फवारणीचं थोडं अधिक सांगायला हवं, कारण ती चांगल्या भावनेनं होते. पावसानंतर बहाव्याची पानं कुरतडलेली दिसतात, कढीपत्त्याच्या रोपाला पानं म्हणून राहत नाहीत, भिंतीकडेच्या रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या चढलेल्या असतात. झाड मरतंय असं वाटून कुणीतरी औषध आणतं. दोन आठवडे थांबलात तर बहाव्याला पुन्हा पानं फुटतात, आणि तोवर पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांची गर्दी उडालेली असते. पुढे भाद्रपद-आश्विनात बागेत जी फुलपाखरं मुलं मोजत बसतात, ती याच अळ्यांमधून आलेली असतात. रुई आणि टाकळा हे तण म्हणून उपटले जातात. भिंतीलगतची एक पट्टी तेवढी उपटायची सोडा. डासांचा प्रश्न खरा आहे, पण डास लिंबावर होत नाहीत. ते कारंज्याच्या बंद पडलेल्या हौदात होतात. तो हौद वाहता तरी करा, नाहीतर बुजवून टाका.

मग कामं करायची तरी कधी, असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. बागेत रिकामा असा महिना नसतोच, पण त्यातल्या त्यात दिवाळीनंतरचे आठवडे सोयीचे. पाऊस थांबलेला असतो, बहुतेकांची पिल्लं उडून गेलेली असतात, माती खणायला मऊ असते. छाटणी, खोदकाम, फरशा, जे काय जोखमीचं असेल ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्या. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडण्याची अटही त्यात आपोआप पाळली जाते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी टाळता येत नाही, मान्य. पण आधी कुणीतरी खाली उभं राहून एक सकाळ झाडाकडे पाहावं, घरटं असलेल्या फांदीला रिबन बांधावी, आणि ठेकेदाराला ती सोडून बाकीच्या दाखवाव्यात. मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात, त्यांतल्या काहींत कोकिळेचीही अंडी असतात. कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर, किती उंचीवर केलं यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं आपल्या घराघरांत होती. त्या अंदाजावर माझा विश्वास नाही, पण त्यासाठी त्यांना वर बघावं लागायचं.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या कचेरीला जुनी माणसं अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. ज्या शहरात पावसाचा थेंबन्‌थेंब मोजला जातो, त्या शहरातल्या आपल्या बागेत बहावा गेल्या वर्षी कधी फुलला हे कुणालाही सांगता येत नाही. दर उन्हाळ्यात 'यंदा लवकर फुलला हो' आणि 'छे, दरवर्षी असाच' असा वाद बाकावर रंगतो, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा शून्य. वॉचमनच्या केबिनमध्ये एक नोंदवही ठेवू. तारीख, झाड किंवा पक्षी, काय पाहिलं, बस. फुलं, पानगळ, पालवी, फळं, पहिला धोबी पक्षी, शेवटचा थिरथिऱ्या. कुणाला रस असेल तर एकच झाड दत्तक घेऊन आठवड्यातून एकदा त्याची नोंद करावी. 'सीझनवॉच' नावाच्या देशभर चालणाऱ्या उपक्रमात नेमकं हेच करतात आणि आपल्या नोंदी तिथेही जाऊ शकतात. शाळकरी मुलांना हे काम आपल्यापेक्षा चांगलं जमेल. उद्घाटन, फेटे, पाहुणे असलं काही नको. फार तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात ती वही सगळ्यांना वाचायला बाहेर ठेवू. नाव चुकलं तरी लिहावं, ओळखणारं कुणीतरी पुढे दुरुस्त करेल. वही आणि दोरीला बांधलेलं पेन मी आणून देतो.

रविवारच्या बैठकीत माझ्या तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या : शिरीषाचं काम जूनअखेरपर्यंत थांबवणं, पंप-खोलीमागची जागा आहे तशी ठेवणं, आणि सावरीवरचे दिवे रद्द करणं. बाकीचं चर्चेनं होईल. माझा मुद्दा बहुमतानं फेटाळला गेला तर तेही इतिवृत्तात नोंदवा.

आणि बैठकीला माळीमामांना बोलवा. परिपत्रक काढताना त्यांना कुणी विचारलेलं नाही, असं त्यांच्याकडूनच कळलं. शिरीषाची ढोली मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवली होती. रविवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा त्या दिवसाचा पगार त्यांना वेगळा द्यावा.

आपला,
दोन नंबरच्या इमारतीतला एक सभासद